परदेशातल्या अवशेषांत एक अख्खा निवांत दिवस : ओस्तिया की पॉम्पेई?

उंबरठा
मंडळी, ऑक्टोबरात आईला घेऊन सहा दिवस रोमला निघाले आहे. आई ७२ वर्षांची. चालायची हौस दांडगी, पण गुडघे साथ देतीलच असं नाही. सहांपैकी एक दिवस फक्त जुन्या अवशेषांसाठी राखून ठेवलाय आणि त्या एका दिवसावरून घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो, इटलीला जाऊन पॉम्पेई बघितलं नाही तर गेलात कशाला? माझं मन रोमजवळच्या ओस्तिया आंतिका या प्राचीन बंदराकडे ओढ घेतंय.

कारण सांगते. तीन वर्षांपूर्वी एका सहलीबरोबर तुर्कस्तानात इफेससला गेले होते. अख्ख्या शहराला मिळून दीड तास. सेल्ससच्या ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीत, कोनाड्यांमध्ये चार स्त्रियांचे पुतळे आहेत. त्यातल्या एकीच्या वस्त्राच्या चुण्या बघत मी थांबले आणि मान वळवली तर मार्गदर्शकाची निळी छत्री गर्दीत दिसेनाशी झालेली. धावत सुटले. त्या चुण्या माझ्या मनात अजून अर्ध्याच बघून झाल्यात. म्हणून या वेळी एकच जागा, अख्खा दिवस, आणि वाटेल तिथे बसायचं असं ठरवलंय.

ओस्तियात दिवस भरतो का? आईला झेपेल का? आणि पॉम्पेई सोडल्याची रुखरुख लागेल का? दोन्ही बघितलेल्यांनी मनापासून लिहा.

खडीसाखर
ओस्तिया. डोळे झाकून.

गारवेल
ओस्तियाच. मी दोनदा गेलेय आणि दोन्ही वेळा संध्याकाळी पाय निघत नव्हता.

जायचं कसं ते आधी सांगते, कारण आई बरोबर असेल तर तेच महत्त्वाचं. मेट्रोच्या पिरामिदे स्थानकाला लागूनच पोर्ता सान पाओलो नावाचं छोटं रेल्वे स्थानक आहे. तिथून समुद्राकडे जाणारी लोकल पकडायची, रोमचं बस-मेट्रोचं साधं तिकीट चालतं. अर्ध्या तासात ओस्तिया आंतिका. उतरून पादचारी पूल ओलांडला की दहा मिनिटांत दारात. सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

पॉम्पेईला रोमहून जायचं म्हणजे आधी जलद गाडीने नेपल्स, साधारण सव्वा तास. मग गाडी बदलून व्हेसुवियस ज्वालामुखीला वळसा घालणारी लोकल, आणखी पस्तीस-चाळीस मिनिटं. ती लोकल भरलेली असते, उभं राहावं लागतं. परतीला पुन्हा तेच. एवढं करून आईला तिथे बसायला किती वेळ मिळणार?

काळा_कातळ
गारवेल, प्रवासाचा हिशोब बरोबर आहे, पण एवढ्यावर पॉम्पेई सोडायला सांगू नका. माझं ठाम मत वेगळं आहे.

ओस्तिया सुंदर आहे, पण ते शहर हळूहळू रिकामं होत गेलं. लोक आपलं सामानसुमान घेऊन निघून गेले. पॉम्पेईत कुणाला सामान आवरायला वेळच मिळाला नाही. इ.स. ७९ मध्ये व्हेसुवियसचा उद्रेक झाला आणि दोन दिवसांत सगळं राखेखाली गेलं. भट्टीत ठेवलेले पाव काळे ठिक्कर होऊन तसेच राहिले. एका बेकरीत असे ८१ पाव मिळाले. माणसं पडली त्या जागी राखेत त्यांच्या देहांच्या पोकळ्या राहिल्या. १८६३ मध्ये फिओरेल्ली या उत्खननप्रमुखाने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून त्यांचे आकार बाहेर काढले. ‘पळणाऱ्यांची बाग’ म्हणतात तिथे असे तेरा जण आहेत, त्यात मुलंही. मी काचेसमोर उभा होतो आणि तोंडातून शब्द फुटला नाही. हा अनुभव ओस्तियात नाही. आईंचं वय ७२ आहे, पुन्हा इतक्या लांब येणं होईल न होईल. एकदाच जायचं तर पॉम्पेई.

उंबरठा
काळा_कातळ, तुम्ही लिहिलेलं वाचून मीही गप्प झाले. आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ते बघायला माझं मन घट्ट हवं, आणि सहलीला मी मन घट्ट करून जात नाही.” तिच्या म्हणण्याचा मान ठेवायला हवा असं वाटतं. पण अजून पक्कं ठरलेलं नाही, लिहीत राहा.

पाणवठा
पॉम्पेईतही निवांत दिवस काढता येतो, मी काढलाय. पण रोमहून येऊन-जाऊन नाही. आदल्या रात्री नेपल्सला किंवा पॉम्पेई गावातच मुक्काम हवा.

दुसरं, सगळे सहलवाले रेल्वे स्थानकासमोरच्या पोर्ता मरीनाने घुसतात. तुम्ही पार पलीकडच्या टोकाला, अँफिथिएटरच्या (झुंजींच्या गोल मैदानाच्या) दाराने जा. सकाळी तिथे आम्ही चौघेच होतो. इ.स.पू. ७० च्या सुमाराचं ते बांधकाम, दगडी अँफिथिएटरांमध्ये आज शिल्लक असलेलं सगळ्यात जुनं. इ.स. ५९ मध्ये तिथे पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुकेरियाचे लोक यांच्यात एवढी हाणामारी झाली की रोमने दहा वर्षं खेळांवर बंदी घातली. हे माहीत असलं की रिकाम्या पायऱ्यांवर बसून अर्धा तास कसा जातो कळत नाही.

आणि रस्त्याच्या कडेचे हौद बघा. चौकोनी दगडी हौद, मधल्या खांबावर कोरलेला चेहरा, त्याच्या तोंडातून पाणी पडायचं. वाकून पाणी प्यायचं तर एक हात काठावर टेकावा लागतो. बरोबर त्याच जागी दगड खोलगट झालाय, गुळगुळीत, वाटीसारखा. मी माझा हात तिथे ठेवला आणि तळवा अगदी बसला. पूर्ण पॉम्पेईत मला लक्षात राहिलंय ते एवढंच. भिंतीवरची चित्रं आता फोटो बघून आठवावी लागतात.

सांजवात
पाणवठा, तो हौद वाचून अंगावर शहारा आला. फोटो असेल तर टाका ना.

पाणवठा
फोटो काढलाच नाही हो. एक हात हौदावर होता आणि दुसऱ्यात पाण्याची बाटली.

बखर_वाचक
ओस्तियाबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण काळा_कातळ यांनी ‘हळूहळू रिकामं होत गेलं’ म्हटलं. ते खरं आहे, पण मला ओस्तिया आवडतं ते नेमकं त्यामुळेच.

ओस्तिया म्हणजे नदीचं मुख. टायबर जिथे समुद्राला मिळायची तिथे रोमचं हे बंदर. परंपरा म्हणते की चौथा राजा आंकुस मार्सियुस याने ते वसवलं, पण जमिनीत सापडलेलं सर्वांत जुनं ठाणं इ.स.पू. चौथ्या शतकातलं आहे. रोमला लागणारं धान्य, तेल, दारू सगळं समुद्रमार्गे इथे यायचं. गाळ साचायला लागला तेव्हा सम्राट क्लॉडियसने थोडं उत्तरेला नवं बंदर बांधायला घेतलं आणि पुढे सम्राट ट्राजनने तिथे षट्कोनी गोदी खोदली. तरी ओस्तिया भरभराटीलाच होतं, कारण कारभार, गोदामं, माणसं इथेच. पुढे व्यापार आटला, हिवताप आला, संगमरवर लोकांनी काढून नेला, काही तर भट्ट्यांत जाळून चुना केला. १५५७ च्या पुरात नदीनेही पात्र बदललं. आज समुद्र तिथून सुमारे तीन किलोमीटर मागे हटलाय. बंदर आहे आणि पाणी नाही, ही गोष्ट तिथे उभं राहून पचवायला वेळ लागतो.

पॉम्पेई हे मुख्यतः एक-दोन मजली घरांचं गाव. ओस्तियात तीन-चार मजली विटांच्या चाळी होत्या, खाली दुकानं, वर भाड्याची बिऱ्हाडं, रस्त्यावरूनच वर जाणारे जिने. रोम शहरात सामान्य माणूस कसा राहत होता ते बघायचं असेल तर रोममध्ये ते फारसं उरलेलं नाही, कारण त्याच्यावर नवं रोम उभं आहे. ते ओस्तियात दिसतं.

विटांकडे जरूर बघा. भाजण्याआधी ओल्या विटेवर शिक्का मारायचे, वीटभट्टीचं नाव, कधी त्या वर्षीच्या कॉन्सलांची, म्हणजे रोमच्या प्रमुख अधिकाऱ्यांची नावं. इ.स. १२३ चे शिक्के तर ढिगाने सापडतात. त्यावरून इमारतीचा काळ ठरवायला फार मदत होते.

एक खंतही सांगतो. आज दिसतं त्याचा मोठा भाग १९३८ ते १९४२ या काळात घाईने खणला गेला. १९४२ मध्ये रोमला जागतिक प्रदर्शन भरवायचं ठरलं होतं, त्यासाठी. युद्धामुळे प्रदर्शन झालंच नाही. पण त्या घाईत वरचे थर, म्हणजे शहराच्या अखेरच्या शतकांची माहिती, नोंद न होताच उकरून फेकली गेली. अवशेषांना घाई सोसत नाही. खणणाऱ्याचीही नाही आणि बघणाऱ्याचीही नाही.

खडीसाखर
बखर_वाचक, शेवटची दोन वाक्यं वहीत लिहून ठेवली.

चिमणचारा
आम्ही ओस्तियाला दोन मुलांना घेऊन गेलो होतो, ९ आणि ६ वर्षांची. घरात सगळे म्हणत होते, मुलं कंटाळतील. नाट्यगृहाच्या मागे एक मोठं चौकोनी आवार आहे, त्याच्या तीन बाजूंनी साठेक छोट्या खोल्या. ती जहाजवाल्यांची आणि व्यापाऱ्यांची कचेरी. प्रत्येक कचेरीसमोर जमिनीवर काळ्या-पांढऱ्या खड्यांचं मोझेक, कोण कुठून व्यापार करतो ते सांगणारं. म्हणजे पाटीच, फक्त पायाखाली. मुलांना म्हटलं, प्राणी मोजा. हत्ती सापडला तेव्हा धाकटीने जो आरडाओरडा केला! हत्ती साब्राथाच्या व्यापाऱ्यांचा, ते शहर आजच्या लिबियात आहे. मग डॉल्फिन, मग मासे, मग जहाजांची वल्ही मोजणं सुरू. दोन तास आम्ही तिथेच होतो.

आणि मुलांचं सर्वांत आवडतं ठिकाण सांगू? सार्वजनिक शौचालय. संगमरवरी बाक, त्याला ओळीने भोकं, मध्ये आडपडदा काही नाही. थोरला सगळ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते दाखवत होता.

सांजवात
चिमणचारा, थोरला मोठेपणी पुराणवस्तू खात्यात जाणार बघा! 😄

तांबडफुटी
थोडं अवांतर. पॉम्पेई नाही जमलं आणि कधी नेपल्सला जाणं झालं तर तिथलं पुराणवस्तू संग्रहालय मात्र सोडू नका (मंगळवारी बंद). पॉम्पेईतली उत्तमोत्तम चित्रं आणि मोझेक तिथेच आणून ठेवलीत. आणि तिथे आपली एक ओळखीची बाई आहे.

१९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची छोटी मूर्ती मिळाली, उंची जेमतेम पाव मीटर. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दासी. भारतातून गेलेली. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. तेर आणि भोकरदनला सापडलेल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचं जवळचं नातं दिसतं, असं अभ्यासक मांडत आले आहेत. म्हणजे इ.स. ७९ च्या आधीच आपल्याकडच्या कारागिराच्या हातची वस्तू समुद्र ओलांडून व्हेसुवियसच्या पायथ्याशी पोचली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा डोळे भरून आले. लाजायचं कशाला?

काळा_कातळ
तांबडफुटी, मी ते संग्रहालय बघितलंय आणि ही मूर्ती माझ्या नजरेतून निसटली. संध्याकाळची गाडी गाठायची होती म्हणून वरचा मजला धावतच केला होता. फार वाईट वाटलं वाचून.

बाकावरची_आजी
उंबरठा बाळा, मी ६९ वर्षांची. गुडघे माझेही तसेच. मी तुला पॉम्पेई की ओस्तिया हे सांगणार नाही, कसं बघायचं ते सांगते.

पेस्तुमला गेलो होतो, नेपल्सच्या खाली. ग्रीकांनी बांधलेली तीन देवळं आहेत, इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकातली, खांब अजून ताठ उभे. मुलगा आणि सून सगळं फिरायला गेले. मी म्हटलं, तुम्ही जा, मी इथे बसते. मधल्या देवळासमोर एका दगडावर तीन तास बसले. सकाळी खांब राखाडी दिसत होते. अकराच्या सुमाराला पिवळे झाले. उन्हाची तिरीप सरकली तशी खांबांवरच्या उभ्या खोबणी आधी एका बाजूने उजळल्या, मग दुसऱ्या. एक सरडा तीनदा आला आणि गेला. मुलगा परत येऊन म्हणाला, आई तुझं काहीच बघून झालं नाही. मी त्याला खांबांचे रंग सांगायला लागले तर तोही खाली बसला.

तुझ्या आईला बसू दे. तू भोवती फिर आणि तिला येऊन सांग काय काय बघितलंस ते. आणि घडीचं हलकं स्टूल बरोबर ने, दगड गार लागतात.

गारवेल
आजी, _/\_

उंबरठा, ओस्तियाच्या मुख्य रस्त्याबद्दल सांगायचं राहिलं. काळ्या बेसॉल्टच्या मोठ्या फरशा आहेत, वर-खाली झालेल्या, गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या. गुडघ्यांना त्या नकोत. कडेने मातीची वाट आहे, तिने चला. बूट जाड तळव्याचे. आत संग्रहालयाजवळ कॅफे आहे, त्यामुळे जेवायला बाहेर यावं लागत नाही. आणि सिनॅगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बघायचा हट्ट धरू नका, तो पार दुसऱ्या टोकाला आहे. १९६१ मध्ये विमानतळाचा रस्ता करताना सापडला, बघण्यासारखा आहे, पण एका दमात तिथवर चालायचं आईंना जड जाईल.

उंबरठा
ठरलं. ओस्तिया. भावाला आजींचा प्रतिसाद वाचायला दिला, त्यानेही मान डोलावली. आल्यावर लिहितेच.

उंबरठा
मंडळी, आले! परवाच परतलो. धागा वर काढतेय, कारण तुमच्यामुळे जो दिवस मिळाला तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पोर्ता सान पाओलोच्या बाहेरच तो पांढरा पिरॅमिड. आई म्हणाली, “हे इजिप्त इथे कुठून आलं?” सेस्तियुस नावाच्या रोमन अधिकाऱ्याचं ते थडगं, दोन हजार वर्षांपूर्वीचं. आईने तिथेच दहा मिनिटं लावली. मी घड्याळ बघायला गेले आणि हात मागे घेतला.

नऊनंतर आत शिरलो. मातीच्या वाटेने हळूहळू नाट्यगृहापर्यंत. गारवेल, एक गोष्ट तुम्ही सांगितली नव्हती, ती पुढच्यांसाठी लिहिते: रस्त्यावरून मधल्या बोळातून सरळ रंगमंचासमोरच्या अर्धगोलात जाता येतं, चढावं लागत नाही. तिथे मान्यवरांसाठी तीन रुंद संगमरवरी पायऱ्या आहेत. आई पहिलीवर बसली. आजी, स्टूल नेलं होतं, पण तिने दगडच पसंत केला! मी मागच्या आवारात जाऊन यायचे, काय बघितलं ते सांगायचे. तिसऱ्या फेरीला ती स्वतःच उठली. “तो हत्ती मला बघायचाय.” चिमणचारा, हत्ती बघितला. पुढे एका मोझेकमध्ये दोन जहाजं आणि मधोमध दीपगृह आहे. आई बराच वेळ तिथे होती. म्हणाली, “घरी निघालेल्या माणसाला हे दिसत असेल ना आधी.”

दुपारी एका जुन्या खानावळीशी पोचलो. थर्मोपोलियम म्हणतात. संगमरवरी कट्टा, भिंतीवर रंगवलेले खाद्यपदार्थ, मागे छोटं अंगण. दाराच्या दोन बाजूंना दगडी बाक आहेत, गिऱ्हाइकांना बसायला. त्यातल्या एकावर आई बसली आणि पाऊण तास हलली नाही. तिथे बसल्या बसल्या तिने जे बघितलं ते माझ्या नजरेला कधीच पडलं नसतं.

समोरच्या रांगेतल्या दुकानांचे उंबरठे. पांढरट दगडाचे, लांबलचक. प्रत्येकात एक सरळ खाच गेलेली, पण पूर्ण लांबीभर नाही. एका टोकाला थोडी जागा खाचेशिवाय सोडलेली आणि तिथे कोपऱ्यात गोल खळगा. आईने काठीचं टोक त्या खाचेतून फिरवलं आणि म्हणाली, “फळ्या. रात्री एकेक फळी या खाचेतून सरकवत न्यायची. शेवटी ही जागा उरते, तिथे दार. खळग्यात दाराचा खुंटा फिरायचा.” मग आम्ही दोघी रस्ताभर उंबरठे बघत निघालो. एका दुकानाच्या खळग्याभोवती दगडावर अर्धगोल ओरखडा होता. दाराची खालची कड रोज घासून घासून पडलेला. मी गुडघ्यांवर बसून त्यावरून बोट फिरवलं.

सिनॅगॉग राहिला. संग्रहालय राहिलं. समुद्रदेव नेपच्यूनचं मोठं मोझेक मी एकटी जाऊन बघून आले, आईने ते फोटोत बघितलं. चारला निघालो. गाडीत आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

काळा_कातळ, पॉम्पेई सोडल्याची रुखरुख लागेल का, या माझ्याच प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर: रुखरुख लागली. पॉम्पेईची नाही, त्याच रस्त्यावर अजून एक दिवस मिळाला नाही याची.

बखर_वाचक
आईंना माझा नमस्कार सांगा. खाच म्हणजे फळ्यांची आणि उरलेल्या जागेत दार, दुकानांचे असे उंबरठे अभ्यासक अगदी याच पद्धतीने वाचतात. खाच असेल तर दुकान, दोन्ही टोकांना खळगे असतील तर दोन झडपांचं दार. जिथे भिंती पडून गेल्यात तिथेसुद्धा उंबरठ्यावरून खोली कशाची ते कळतं.

बाकावरची_आजी
काठीच्या टोकाने वाचलं म्हणजे बघ! तिला म्हणावं, पेस्तुमला माझ्याबरोबर चल.

उंबरठा
आजी, वाचून दाखवलं. लगेच विचारतेय, “कधी?”

चिमणचारा
आमच्या दोघांना आता उंबरठ्यांसाठी पुन्हा जायचंय. प्राण्यांच्या नादात एकही बघितला नाही.

काळा_कातळ
उंबरठा, दोनदा वाचलं. पॉम्पेईबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण ‘एकदाच जायचं तर’ हे वाक्य मी मागे घेतो. एप्रिलमध्ये कामानिमित्त रोमला आहे, नेपल्सला जायला एक दिवस मोकळा ठेवला होता. तो दिवस ओस्तियाला देतोय. ती थर्मोपोलियमची जागा सापडायला सोपी आहे का?

उंबरठा
सोपी आहे. नाट्यगृह मागे टाकून मुख्य रस्त्याने पुढे चला, उजवीकडे बोळ लागतील, ‘कासा दी दियाना’ची पाटी शोधा. त्याच गल्लीत आहे. सोमवार टाळा. डाव्या बाकावर बसा, तिथून उंबरठे नीट दिसतात.